एकदा नको म्हणजे नको

अक्षर माझं वेडंवाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं असेल तर माफ करा. चौथीनंतर शाळा सुटली आणि तेव्हापासून हात पिठातच राहिला. मी घरी भाकऱ्या करून विकते. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते. आणि लिहायचं म्हटलं की आधी शेजारचे मामाच आठवतात, कारण असा माणूस आमच्या उचगावात दुसरा नाही.

सकाळी मामा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जातात. पायरीवर थांबतात, टोपी नीट करतात आणि हळूच म्हणतात, "बोंजूर."

मग गप्प.

"काय देऊ मामा?" दुकानदार विचारतो. मामा गप्प. "साखर? चहापूड?" मामा नुसते हसून बघत उभे. मागं गिऱ्हाईकं ताटकळतात. शेवटी दुकानदार कपाळाला हात लावतो. "बोंजूर, माझ्या बापा, बोंजूर! आता तरी बोल की!"

तेव्हा कुठं मामा म्हणतात, "पाव किलो साखर."

फ्रान्स देशात लिऑन नावाचं शहर आहे. मामांचा मुलगा विजय तिथं नोकरीला आहे. तिथं म्हणे दुकानात शिरल्यावर आधी बोंजूर म्हणजे नमस्कार करायचा, समोरच्यानं तो परत केला की मगच काम सांगायचं. तसं नाही केलं तर माणूस उद्धट ठरतो. मामांनी मोबाईलवर बघून बघून तिथल्या सगळ्या रीती पाठ केल्या होत्या आणि त्यांचा सराव आमच्यावर चालू होता. कुणी हसलं की म्हणायचे, "आपण पावणं म्हणून जाणार. गाव त्यांचं हाय." जाणार कधी, हे मात्र सांगायचे नाहीत.

मामा पूर्वी गुळाच्या बाजारात सौदे पुकारायचे. रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्पीपाशी उभं राहून भाव ओरडायचा, हे आयुष्यभराचं काम. आवाज असा की मामी, त्या आता नाहीत, त्या सांगायच्या, "ह्यांनी जेवताना मीठ मागितलं की तीन घरांतनं मीठ येतंय." तोच माणूस आता कुजबुजत बोलू लागला, कारण लिऑनला बसमध्ये मोठ्यानं बोललेलं लोकांना आवडत नाही. शहरात जाणाऱ्या बसमध्ये मामा कंडक्टरच्या कानाशी जाऊन म्हणाले, "बोंजूर. एक द्या." कंडक्टर दचकून मागं सरला. "ओ पावणं, आवाज बसलाय काय? गरम पाणी प्या की!"

भाजी घेताना हात मागं बांधून उभे राहायचे. तिथं म्हणे मालाला आपण हात लावायचा नाही, विकणारा निवडून देतो. आमची भाजीवाली कसली सोडते! पहिल्या दिवशी तिनं सगळी किडकी वांगी घातली. मामा मान वाकवून "मेर्सी" म्हणाले, म्हणजे तिकडचं आभारी आहे, आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात मागं. तिसऱ्या दिवशी भाजीवालीच वैतागली. "मामा, निवडून घ्या बरं! माझ्या जिवाला घोर लावू नगा." त्यानंतर मात्र ती त्यांना टवटवीत वांगी द्यायची आणि आम्हाला किडकी.

पण खरा घोटाळा मामांच्या पुतण्याच्या लग्नात झाला. मामांनी वाढप हातात घेतलं. आता आमच्याकडं पंगतीत पहिल्यांदा कुणी हो म्हणत नाही. नको म्हणायचं, ताटावर हात आडवा धरायचा, वाढणाऱ्यानं घ्या की, घ्या की करायचं, मग हात हळूच बाजूला सरकतो. हे लहान पोराला पण ठाऊक असतं. मामा मटणाचं पातेलं घेऊन आले, पाहुणे म्हणाले, "नको," आणि मामा पुढं गेले. पुढच्या ताटावर नको, मामा पुढं. पातेलं जसंच्या तसं परत आलं. नवरीकडची मंडळी उपाशी उठली. नवरीचे चुलते हात धुताना म्हणाले, "रश्शाचा वास तेवढा चांगला होता."

मामांचा भाऊ पिसाळलाच. "अरं, आग्रह न्हाय करायचा व्हय?"

"एकदा नको म्हणजे नको," मामा शांतपणे म्हणाले. "लोकांच्या बोलण्याचा मान ठेवावा माणसानं."

सगळी गल्ली हसली. मला हसू आलं नाही, कारण हे मामांना कुठून लागलं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं.

काही वर्षांपूर्वी विजय लग्न करून बायकोला घेऊन आला होता. तिचं नाव एलिझ. मी त्या दिवशी मामांच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. दारात सगळी गल्ली जमलेली. कुणी तिचे केस हातात घेऊन बघितले, कुणी न विचारता पोरगं तिच्या मांडीवर ठेवून फोटो काढला. ती बिचारी हसत होती. मग जेवायला बसली. येताना विमानात विजयनं तिला एक मराठी शब्द शिकवला होता, नको. पोट भरल्यावर तिनं छातीवर हात ठेवून अगदी नीट म्हटलं, "नको."

मामांनी तांबडा रस्सा वाढला. "घे की गं! लाजतीस काय?"

"नको."

"घे की गं!" आणखी एक पळी.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मामा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "बघा! सुनेला आवडलं!"

दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठली नाही. दोघं ठरल्याच्या आधीच निघून गेले. पुढं विजयनं फोनवर सांगितलं की तिला वाटत होतं आपलाच उच्चार चुकतोय, म्हणून ती परत परत नीट म्हणत होती. मामांनी फोन ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून बसून राहिले. त्यानंतर त्यांचा आवाज लहान झाला.

दर रविवारी दुपारी विजयचा फोन यायचा. मामा धुतलेली टोपी घालून, मोबाईल गुळाच्या डब्याला टेकवून आधीपासूनच बसलेले असायचे. नात झाली, लीना. ती पालथी पडली, रांगली, शाळेत गेली, ते सगळं मामांनी त्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलात बघितलं. एलिझ मागून हात हलवायची. "या" असं मात्र तिकडून कुणी म्हणत नव्हतं. मी एकदा धीर करून म्हटलं, "मामा, तुम्हीच विचारा की."

"न्हाय. बोलावल्याबिगर जायाचं न्हाय, सुमन. गाव त्यांचं हाय." आणि बॅग मात्र पलंगाखाली भरून ठेवलेली. अधूनमधून ती उघडून लीनासाठी घेतलेला फ्रॉक बाहेर काढायचे, तो लहान झाला असणार म्हणून दुसरा घेऊन यायचे.

गेल्या वर्षी एका रविवारी भिंतीपलीकडून मामांचा जुना आवाज आला. "सुमन! बोलावलं गं! सुनंनं सोताहून बोलावलं!" तीन घरांची दारं उघडली. मीठ घेऊन कुणी आलं नाही एवढंच.

मामा लिऑनला गेले. गल्ली ओस वाटली. दुकानदारानं मला एकदा विचारलं, "मामा कधी येणार? सकाळी चुकल्यासारखं होतंय."

दीड महिन्यानं परत आले ते वाळूनच. मी संध्याकाळी भाकरी घेऊन गेले. ओट्यावर बसून मामा सांगू लागले. "बोंजूर म्हणलं की परत बोंजूर येतंयच गं. पाववाली तर माझ्या आधी म्हणायची. जिन्यात शेजारीण भेटली तरी म्हणायची. कुणी मला हसलं न्हाय."

"मग वाळलात कशानं?"

मामा टोपी काढून डोकं खाजवू लागले. "विजय पहिल्याच दिवशी कामासाठी महिनाभर बाहेरगावी गेलता. घरात सून, लीना आणि मी. सुनंनं जेवायला वाढायला आणलं. माझ्या तोंडातनं आपोआप गेलं, नको. ताटावर हात बी धरला."

"मग?"

"मग काय! गेली की घेऊन! दुसऱ्या दिवशी तेच. मनात म्हणायचो आज हो म्हणायचं, आणि पातेलं दिसलं की तोंडातनं नको. एवढी वर्षं दुसऱ्याचं नको ऐकायला शिकलो, आपलं म्हणायचं ऱ्हायलं. पाववालीच्या पावावर दिवस काढलं."

मला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावला. मामा पण हसत होते. मग थांबले.

"एका संध्याकाळी असंच नको म्हणलो. ती माघारी वळली. लीना माझ्या रिकाम्या ताटाकडं बघत होती, तिनं आईला काय तरी सांगितलं. सून पातेलं घेऊन तिथंच थांबली. कान लाल झालतं तिचं. मग माझ्याजवळ आली, पळी भरली आणि म्हणाली..." मामांचा आवाज आणखी बारीक झाला. "म्हणाली, घे की गं."

मी हातातली भाकरी ओट्यावर ठेवली.

"सासऱ्याला म्हणाली, घे की गं! जसं मी म्हणलोतो तसंच. एवढं रडवलं मी तिला, तरी शब्द जपून ठेवलावता पोरीनं."

"मग घेतलंत?"

"आधी नको म्हणलो की. तिनं आणखी एकदा म्हणावं म्हणून."

आता मामा पुन्हा एकटेच आहेत. सकाळी दुकानाच्या पायरीवर थांबतात, आणि दुकानदार लांबूनच ओरडतो, "बोंजूर, बोंजूर!" रविवारी डब्याला मोबाईल टेकवतात. बाकीचे दिवस घर गप्प असतं.

मी संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीवरून भाकरी देते. आधी कधी नको म्हणाले की मी मुकाट्यानं परत न्यायची, त्यांचाच नियम म्हणून. काल मी भाकरी पुढं केली, तर म्हणाले, "नको गं, झालंय जेवण." त्यांच्या घरात चूल पेटल्याचा वास नव्हता. म्हणाले खरं, पण गेले नाहीत. भिंतीला हात टेकून माझ्याकडं बघत उभे राहिले.

माझ्या तोंडातून शब्द लवकर फुटत नाही. पण फुटला.

"घ्या की, मामा."

मामांनी दोन्ही हात पुढं केले, आणि भाकरी घ्यायच्या आधी म्हणाले, "आणखी एकदा म्हण."