डावी साखर

तेवीस वर्षांत आपल्या हातून एकही बाटली इकडची तिकडे झाली नाही, हे प्रयोगशाळेतले बरणीमामा कुठल्याही नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकत. ते खोटं नव्हतं. डोळे मिटून हात घातला तरी ते हवं ते रसायन काढून देत. शिक्षण बेताचं होतं, पण कपाटांवर सत्ता त्यांची होती.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम सात वर्षं एकाच साखरेच्या मागे लागल्या होत्या. ही साखर उसात नाही, फळात नाही, मधातही नाही. माणसाने बनवली तरच ती असते. आपल्या नेहमीच्या ग्लुकोजचं ते आरशातलं रूप. नव्या विद्यार्थ्याला मॅडम उजव्या हाताचा हातमोजा डाव्या हातात घालायला सांगत. तो झटापट करून दमला की म्हणत, शरीराचं असंच होतं. ही साखर जिभेला गोड लागते, पण पुढे शरीराला ती पकडताच येत नाही. म्हणून सगळे तिला डावी साखर म्हणत. रक्तातली साखर न वाढवता मधुमेही माणसाला गोड खाता येईल का, तिच्यापासून केलेल्या एका संयुगाने इन्सुलिन सुटतं का, असं बरंच काही मॅडम तपासत होत्या. अडचण एवढीच, की ती बनवणं महाकठीण. वर्षाकाठी जेमतेम एक बरणीभर हाती लागायची.

आणि आता समिती येणार होती. काम चालू ठेवायचं की खोलीला कुलूप लावायचं, हे तीन माणसं एका दुपारी ठरवणार होती. कुलूप लागलं तर मॅडमची सात वर्षं पाण्यात आणि मामांची बदली गोदामात. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना मामांना गोदाम नको होतं.

समिती कागद नंतर बघते, कपाटं आधी बघते, असं मामांचं ठाम मत होतं. त्यांनी एकसारख्या काचेच्या बरण्या आणल्या. चिठ्ठ्या काचेवर नकोत, ओंगळ दिसतात, म्हणून त्या झाकणांवर चिकटवल्या. छोट्या छोट्या कुप्यांतली डावी साखर एका बरणीत ओतली. चहाची साखर पटकन विरघळावी म्हणून घरून मिक्सरमध्ये बारीक करून आणली होती, ती दुसरीत भरली. दोन्ही पांढऱ्याशुभ्र. मग झाकणांवर बोटांचे ठसे दिसले. मामांनी दोन्ही झाकणं काढली, चकचकीत पुसली आणि परत लावली. घात झाला तो इथे.

ठरलेल्या दिवशी समिती आली. अध्यक्ष वयस्कर आणि अबोल होते. दुसऱ्या एक रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या, तिसरे पोटविकारांचे डॉक्टर. मॅडमनी दोन चंबूंत यीस्ट आणि कोमट पाणी घातलं, एकात साधं ग्लुकोज टाकलं, दुसऱ्यात मामांनी पुढे केलेल्या बरणीतली साखर, आणि दोघांच्या तोंडांवर फुगे बसवले. यीस्ट साधी साखर खाईल, वायू सुटेल, तो फुगा फुगेल. डावी साखर यीस्टला खाताच येत नाही, तो फुगा तसाच लोंबत राहील. तासाभरात स्वतःच्या डोळ्यांनी बघा, असं सांगून मॅडमनी पडद्यावर आलेख दाखवायला सुरुवात केली.

मामांनी चहा आणला. पाणचट चहाने निर्णयही पाणचट होतात असं त्यांना वाटे, म्हणून कपामागे तीन भरगच्च चमचे. डॉक्टरांनी आपला बिनसाखरेचा आधीच सांगून ठेवला होता. अध्यक्षांनी पहिला कप संपवून दुसरा मागितला, प्राध्यापिकांनीही. मामांची छाती फुगली.

पाऊण तासाने फुगलेलं दुसरंही काही दिसू लागलं. साध्या ग्लुकोजचा फुगा टरारला होता, आणि त्याच्या शेजारचाही. आधी प्राध्यापिकांनी पाहिलं. मग मॅडमनी पाहिलं आणि त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. जगातलं कुठलंही यीस्ट जे करू शकत नाही, ते त्यांच्या टेबलावरचं यीस्ट मजेत करत होतं. हा मोठा शोध तरी होता, नाहीतर सात वर्षांचं काम चुकलेलं होतं. मॅडमचा चेहरा दोन्हींच्या मध्ये अडकला.

प्राध्यापिका उठून फुग्याकडे जायला निघाल्या आणि मधेच दिशा बदलून दाराबाहेर गेल्या. मिनिटभराने अध्यक्षही गेले. त्या मजल्यावर स्वच्छतागृह एकच होतं. प्राध्यापिका आत असल्याने अध्यक्षांना जिना चढून वर जावं लागलं, आणि ते ज्या वेगाने चढले तो त्यांच्या वयाला शोभणारा नव्हता. दोघं परत आले, बसले आणि पुन्हा गेले.

डॉक्टर शांतपणे मॅडमच्या अहवालाची पानं उलटत होते. अकराव्या पानावर ते थांबले.

"मॅडम, या साखरेने पोट साफ होतं असं लिहिलंय तुम्ही. आतड्याच्या तपासणीआधी द्यायला उपयोगी पडेल म्हणून."

"हो. शरीर ती घेत नाही, मग ती आतड्यात पाणी ओढून..." मॅडम थांबल्या. त्यांनी फुग्याकडे पाहिलं, रिकाम्या कपांकडे पाहिलं, आणि मग मामांकडे.

मामांना तोवर सगळं कळलं होतं. दोन चकचकीत झाकणं डोळ्यांसमोर नाचत होती. तेवीस वर्षांचं वाक्य आजपासून खोटं झालं होतं. ते गप्प राहिले असते तर दोष यीस्टवर ढकलता आला असता. पण ते पुढे आले.

"मॅडम, झाकणं बदलली. माझ्याच हातून. दुसऱ्या चंबूत चहाची साखर आहे, आणि चहात आपली."

तीन महिन्यांच्या प्रयोगांची साखर दोन माणसांच्या पोटात गेली होती. मग डॉक्टरांचे खांदे हलू लागले. त्यांनी हसू आवरलं, घाबरण्यासारखं काही नाही, दोघांनी भरपूर पाणी प्यावं असं सांगितलं, आणि वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत बसले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. कामाला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली होती. पदार्थाची चव आणि परिणाम यांची समितीने प्रत्यक्ष खातरजमा केली आहे, असा त्यात उल्लेख होता. मॅडम मामांना रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त चिठ्ठ्या बरण्यांच्या अंगावर लावल्या आणि चहासाठी बाहेरच्या खोलीत एक यंत्र बसवलं.

त्याच आठवड्यात मामांना अध्यक्षांचा फोन आला. मामांनी उभं राहूनच तो घेतला आणि आधी माफी मागितली. अध्यक्षांनी ती ऐकून घेतली. मग आवाज खाली आणून म्हणाले, की गेली बारा वर्षं सकाळचा फार त्रास आहे, काय काय औषधं करून झाली, पण त्या दुपारसारखं हलकं कधी वाटलं नव्हतं. पुढच्या मंगळवारी सहज त्या बाजूला येणं झालं, तर कपभर चहा मिळेल का?

मामांनी खाली मान घालून सांगितलं, "साहेब, चहा आता यंत्र करतं."

पलीकडून एक लांब सुस्कारा आला, आणि फोन बंद झाला.