साहेबांच्या आधी येणारा वास

रोज बाराला पाच कमी असताना पुंजाराम सांडू ऑफिसातून निघून जाई आणि साडेबाराच्या आत खुर्चीवर परत हजर असे. पुंडलिकनगरात त्याची बायको कडूबाई खुब्याचं हाड मोडून पलंगावर होती. मुलगी लग्न होऊन गेलेली. शेजारीण सकाळी डोकावून जाई, पण दुपारचं ताट, बाराच्या गोळ्या आणि हाताला धरून न्हाणीपर्यंत नेणं हे पुंजारामाच्याच वाट्याला होतं. ऑफिसची जेवणाची सुट्टी दीडची, आणि रजा सगळी ऑपरेशनातच संपलेली. गारखेड्यातल्या त्या बियाणे संघाच्या कार्यालयापासून घर स्कूटरवर सात मिनिटांवर होतं, एवढाच काय तो दिलासा.

साहेबांना सांगून जात जा, असं टायपिस्ट तनुजाबाईंनी एकदा सुचवलं होतं. तेव्हा पुंजारामानं तीस वर्षांच्या नोकरीचं शहाणपण त्यांना ऐकवलं. विचारलं की साहेबाला नियमानं नाही म्हणावं लागतं. नाही ऐकून गेलं तर तो गुन्हा, न विचारता गेलं तर नुसती चूक.

ही चूक निर्धोक पार पडत होती ती साहेबांच्या सेंटमुळं. मधुसूदन धारूरकर साहेब रबरी तळाचे बूट घालत आणि मांजराच्या पावलांनी चालत. पण त्यांच्या अंगाला ‘वनछाया’ नावाच्या सेंटचा वास असे. नुकतंच टोक काढलेल्या पेन्सिलीसारखा, मागून थोडा चंदनाचा, कुणाला त्रास होणार नाही असा सौम्य वास. दिवसभरात केव्हाही बाहेरून येताना साहेब जिन्याच्या वळणावर पोचले की तो वर हॉलमध्ये पोचे, आणि त्यानंतर अर्ध्या मिनिटानं साहेब. त्या अर्ध्या मिनिटात स्पर्धापरीक्षेची पुस्तकं वाचणारा इंद्रजीत पुस्तकावर आवक रजिस्टर ओढी, व्हॉट्सअ‍ॅपवर साड्या विकणाऱ्या तनुजाबाई फोन उपडा ठेवत, आणि निघायच्या बेतात असलेला पुंजाराम पुन्हा बसे. साहेब आत येऊन बघत तर सगळे मान मोडून कामात. टेबलांवरची माणसं बदलली, पण एकवीस वर्षं असंच चाललं होतं.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी साहेब वासाशिवाय आले.

इंद्रजीत तेव्हा पंचायत राज मोठ्यानं पाठ करत होता. तनुजाबाईंनी एक पैठणी स्वतःच्या खांद्यावर टाकून फोनसमोर धरली होती. साहेब दारात किती वेळ उभे होते कुणालाच कळलं नाही. ते तसेच केबिनमध्ये गेले आणि संध्याकाळी दोघांच्या टेबलावर लेखी समज येऊन पडली. पुढं तनुजाबाईंनीच आडून आडून चौकशी केली तेव्हा कळलं, की कंपनीनं वनछाया बनवणंच बंद केलं होतं. साहेबांनी शहरातली सगळी दुकानं पालथी घातली होती. दुसरे सेंट लावून पाहिले, तर एकानं शिंका आल्या आणि दुसऱ्याला बडीशेपेच्या गोळ्यांचा वास.

त्यानंतरचे तीन आठवडे ऑफिसनं कसे काढले ते ऑफिसलाच ठाऊक. कुणी दाराकडं पाठ करून बसेना. पुंजाराम तर रोज बाराला जिन्यातून खाली वाकून बघे, दोन पायऱ्या उतरे, पुन्हा वर येई. दोनदा त्याला जाताच आलं नाही. कडूबाईनं त्या दोन्ही दिवशी तक्रार केली नाही, नुसती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. त्याला ते मेमोपेक्षा जास्त लागलं.

शेवटी तिघांनी ठरवलं, की बाटली आपणच शोधायची आणि साहेबांच्या वाढदिवसाचं निमित्त करून भेट द्यायची. इंद्रजीतनं सगळं इंटरनेट धुंडाळलं. जिथंतिथं फोटो होता आणि खाली ‘उपलब्ध नाही’. पुंजाराम सिटी चौकातल्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याकडं गेला. त्यानं दाढी कुरवाळत सांगितलं, “मियाँ, वो कबका बंद हो गया. अब नक्को ढूंडो, दिल को तकलीफ होती.”

पण वेरूळला पुंजारामाच्या मावसभावाचं दुकान होतं. बांगड्या, दगडी हत्ती, थंड पाणी आणि वर्षानुवर्षं न खपलेला माल. रविवारी पुंजाराम तिथं गेला आणि खरोखरच वरच्या फळीवर, दगडी हत्तींच्या मागं, धुळीनं माखलेली एक बाटली सापडली. ती त्यानं अंगातल्या तपकिरी स्वेटरच्या खिशात जपून ठेवली. थंडी मरणाची होती आणि तो एकच स्वेटर त्याच्याकडं होता. दौलताबादच्या घाटात स्कूटर एका खड्ड्यात आदळली तेव्हा छातीपाशी गार गार लागलं. वाऱ्यानं असेल असं त्याला वाटलं. घरी येऊन बघतो तर टोपण एकीकडं, बाटली रिकामी, आणि साहेबांची शेवटची वनछाया सगळीच्या सगळी स्वेटरात.

कडूबाईनं पलंगावरूनच नाक वर केलं. “कुणाच्या मयतीला गेला व्हता? चंदनाचा वास यायलाय.”

त्यानं स्वेटर तीनदा धुतला, उन्हात घातला, एकदा तर लिंबू चोळलं. वास हलला नाही. त्या थंडीत स्वेटराशिवाय स्कूटर चालवणंही शक्य नव्हतं. सोमवारी तो जिन्याच्या वळणावर पोचला आणि वर एकदम शांतता पसरली. हॉलमध्ये आला तर सगळे मान मोडून कामात. इंद्रजीतनं वर पाहिलं, पुंजाराम दिसला, आणि त्याचा चेहरा इतका दुखावलेला झाला की पुंजारामानं त्याची माफी मागितली. पण त्यानं काय होणार? पुंजाराम पाणी प्यायला उठला की पुस्तक रजिस्टरखाली जाई. तो लघवीला जाऊन आला की तनुजाबाईंचा फोन उपडा पडे. त्याच्याशी कुणी धड बोलेना. गप्पा त्याच्या येण्यानं तुटत आणि जाण्यानं सुरू होत. साहेब असणं किती एकाकी असतं ते पुंजारामाला त्या आठवड्यात कळलं.

माणसाचं नाक मात्र मोठं सोशिक. बुधवारपर्यंत दचकणं कमी झालं. गुरुवारी वास आला तरी कुणी मान वर केली नाही. वास म्हणजे पुंजाराम, एवढं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं.

शुक्रवारी बाराला पाच कमी होते. तनुजाबाईंनी चार साड्या दोन टेबलांवर पसरून व्हिडिओ कॉल लावला होता. इंद्रजीत डोळे मिटून राज्यपालाचे अधिकार म्हणत होता. पुंजारामानं डोक्यावर हेल्मेट चढवलं, तेवढ्यात वास आला. आज जरा जास्तच येतोय असं त्याला वाटलं. अंगाच्या उबेनं स्वेटरचा वास सुटला असेल, असा विचार करून त्यानं हेल्मेटचा पट्टा लावला आणि दाराकडं पाठ ठेवूनच तनुजाबाईंना सांगितलं, “मी घरी जाऊन येतो. सायबानं इचारलं तर म्हणा, गोदामात गेलाय.”

तनुजाबाईंनी फोन उपडा ठेवला. त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून मागं गेली होती.

दारात धारूरकर साहेब उभे होते आणि त्यांच्या शेजारी मुख्यालयातून अचानक तपासणीला आलेले एक अधिकारी, नाकाला रुमाल लावून.

अधिकारी तासभर होते. जाताना तीन नावं लिहून घेऊन गेले. मग साहेबांनी पुंजारामाला आत बोलावलं. टेबलावर वनछायाची एक बाटली होती, अर्धी रिकामी. साहेबांनी तिच्याकडं बोट दाखवलं.

“ही माझ्या मेहुण्यानं नाशिकहून पाठवली. तपासणी येणार हे मला काल कळलं. कुणाला सांगायचं नाही असा वरून हुकूम. म्हणून आज अर्धी बाटली अंगावर ओतली, पुंजाराम. जिन्यात त्या माणसाला ठसका लागला. आणि तुम्ही हेल्मेट घालून उभे.”

पुंजारामाच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता आणि प्रत्येक क्षणाला त्याला जास्त वाईट वाटत होतं. “सायेब, म्हंजे तुमाला ठावं व्हतं?”

“एकवीस वर्षं मी हा सेंट कशासाठी लावतो असं वाटतं तुम्हाला? माझं डोकं दुखतं त्यानं. जालन्याला असताना एकदा असाच, पाऊल न वाजता, आत गेलो, एकाला झोपलेलं बघितलं, आणि बघितलं म्हणून मेमो द्यावा लागला. त्या माणसाच्या घरी काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. बघितलं नाही की लिहावं लागत नाही.” साहेबांनी एक कागद पुढं सरकवला. “आज बघितलं. तेही दोघांनी. तीन दिवसांत खुलासा द्या.”

पुंजारामानं मेमो घेतला. दुपारी बाराला कार्यालय सोडून जाण्याच्या तयारीत आढळला, असं त्यात होतं. खुलाशात काय लिहायचं? सायबाच्या वासात आणि आपल्या वासात गफलत झाली असं? आणि आता सव्वा वाजला होता. कडूबाईच्या गोळ्या राहिल्या होत्या, ताट झाकलेलंच असेल, आणि ती भिंतीकडं तोंड करून पडली असेल. तो तिथंच उभा राहिला. जाऊ का, असं विचारायची सोय नव्हती.

“वहिनींचं जेवण झालं नसेल,” साहेब म्हणाले. ते विचारत नव्हते. पुंजारामानं मान खाली घातली. साहेबांनी उसासा टाकला, खुर्ची फिरवली आणि त्याच्याकडं पाठ करून खिडकीतून बाहेर बघायला लागले. “मी आता अर्धा तास इथंच बसणार आहे. ऑफिसात काय चाललंय ते मला इथून दिसत नाही.”

पुंजाराम मेमो हातात धरूनच जिना उतरला. स्कूटर त्यानं रोजच्यासारखी इमारतीच्या मागं, खिडकीच्या बरोबर खाली लावली होती. गारठ्यानं ती सुरू होईना. सातवी किक मारून त्यानं घाबरत वर पाहिलं. साहेब खिडकीतच होते. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.