तंतुकणिकेचा अबोला

संचालकसाहेबांना थकवा आला. साध्या माणसाला आला असता तर त्याला आळस म्हणाले असते. साहेबांचा असल्यामुळे तो संशोधनाचा विषय ठरला. त्यांच्या दंडातल्या पेशी काढून जिवंत ठेवण्यात आल्या आणि पेशी विभागातल्या बाईंकडे सोपवण्यात आल्या.

"साहेब, ऊर्जा बनवते ती तंतुकणिका," बाईंनी सांगितलं. "तिला पेशीतल्याच शेजारच्या पातळ पडद्यांच्या जाळ्याशी सतत बोलावं लागतं. दोघांना जोडणाऱ्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटलं की बोलणं सुरू, निघालं की अबोला. तुमच्याकडे अबोला असावा. सूक्ष्मदर्शकाखाली कळेल."

"मग बघा की!"

"सूक्ष्मदर्शक शेजारच्या प्रथिन विभागात आहे. मधल्या दाराला कुलूप आहे."

दोन्ही विभागप्रमुखांचं एकमेकांशी वाकडं होतं. कशावरून, ते दोघांनाही आठवत नव्हतं. पण प्रश्न तत्त्वाचा होता.

साहेबांनी निसर्गाकडून धडा घेतला. आदेश निघाला: गळ्यात लाल फीत असेल त्यानेच दुसऱ्या विभागाशी बोलावं. फीत घालण्याचा अधिकार पेशीप्रमुखांना. अन्याय नको, म्हणून काढण्याचा प्रथिनप्रमुखांना.

बाई रोज फीत घालून, पेशींची बशी घेऊन निघत. फीत पाहून दाराचं कुलूप काढलं जाई आणि पलीकडचे शिपाईमामा अदबीने फीत उतरवून घेत.

"अहो मामा, निदान बशी तरी आत घ्या!"

"घेतली असती हो बाई. पण आता तुमच्या गळ्यात फीत कुठाय? तुमच्याशी बोलतोय हेच चुकतंय माझं."

इकडे बशीतल्या पेशी मलूल होत चालल्या. शेवटी बाईंनी पदर खोचला आणि बशी सांभाळत खिडकीतून प्रथिन विभागात उडी मारली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि तिथूनच साहेबांना फोन लावला.

"साहेब, तुमच्या पेशी गेल्या."

"गेल्या? कोणाला विचारून?"

बाईंना खिडकीच्या गैरवापराबद्दल समज देण्यात आली. साहेब दुसऱ्यांदा दंड पुढे करायला तयार होईनात, म्हणून जनतेला आवाहन करण्यात आलं: कायम थकलेला आणि पलीकडच्या खोलीतल्या घरच्या माणसालाही फोनवरून निरोप धाडणारा इसम पाहिजे.

रांग फाटकाबाहेर, पार चौकापर्यंत गेली आहे. रांगेत कोणी कोणाशी बोलत नाही, त्यामुळे शिस्त उत्तम आहे. वाचक, तुम्हीही या. बाही तेवढी वर करून ठेवा.