मावतंय काय?

आमच्या वडगावात भरमूला चहा द्यायचा म्हणजे शिक्षाच. हातात कप घेईल, किटलीत डोकावेल आणि विचारेल, "मावतंय काय?" अरे, कपात नाही तर काय रांजणात ओतू?

माणूस कॉम्प्युटरचा. आई गेल्यापासून एकटाच. तिचा यंत्रमाग होता त्याच खोलीत बसून काम करतो.

माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ. आजवरची सगळी लग्नं कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कांच्या एका पेटीत. पेटी भरली, म्हणून नव्या डिस्का जोडल्या आणि जागा वाढवायचं सॉफ्टवेअर चालू केलं. 'होय' दाबणार, तोच शेजारी बसलेला भरमू ओरडला, "आप्पा, बोट काडा! ह्ये वाढवत न्हाय, कापायलंय!"

बघतो तर नवी जागा जुनीपेक्षा कमी! मी झटकन बोट मागं घेतलं. निम्मी गल्ली त्या पेटीत लग्न करून बसलेली.

"आईच्या मागावर कापड मोजायचा मीटर हुता बगा," भरमू म्हणाला. "नव्व्याण्णवशे नव्व्याण्णव झालं की परत शून्य. आई भितीवर खडूची रेघ मारायची. ह्या सॉफ्टवेअरला रेघ कोण शिकवणार? आकडा ठेवायचा डबाच ल्हान. मावला न्हाय की परत शून्यापास्नं सुरू."

सॉफ्टवेअर फुकटातलं, त्याचा कोड सगळ्यांना खुला. भरमूनं स्टुडिओतच ठाण मांडलं आणि आकड्याला मोठा डबा दिला.

"झालं?" मी विचारलं.

"कुटलं? आकडा जितं जितं जातोय तितला डबा बगाय पायजे. एक जरी ल्हान ऱ्हायला, तर तुमची लग्नं मोडली!"

दोन दिवस नुसत्या चहावर काढले पठ्ठ्यानं. रिकाम्या डिस्कवर तीनदा चालवून बघितलं, मग 'होय' मलाच दाबायला लावलं. देवाचं नाव घेऊन दाबलं. जागा वाढली. एकही लग्न मोडलं नाही!

"काय देऊ रं तुला?"

"गल्लीतल्या बाळूच्या लग्नाच्या व्हिडिओतली पंगत लावा."

लावली. गर्दीत भरमूची आई, हातात आमटीची बादली. कॅमेऱ्याकडं न बघताच तिनं हाक मारली, "भरमू, जेवलास काय रं?" आणि पुढच्या पानाकडं वळली.

"आईचा आवाज येवढाच उरलाय, आप्पा," भरमू म्हणाला. मग पडद्याकडं बघून हळूच, "न्हाय गं, आजून न्हाय."

मी स्टुडिओला कुलूप लावलं. हाताला धरून त्याला घरी नेलं आणि पानावर बसवलं. आमची ही भाकरीवर भाकरी वाढत गेली; पण गडी एकदाही 'मावतंय काय?' म्हणाला नाही.