रूबीताईंचा प्रलंबित आक्षेप

रूबीताईंकडे दुपारी जायचं असेल तर आधी ओल्या चादरी बाजूला साराव्या लागतात. दाराशी एक, पॅसेजमध्ये एक, आणि हॉलमध्ये दोरीवर आडव्या टाकलेल्या आणखी काही. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या ठिबकणाऱ्या. खिडक्यांच्या फटी टेपने बंद केलेल्या, पंखे बंद. चादरींखाली पाण्याने भरलेल्या पराती मांडलेल्या असतात. त्यात थेंब पडला की उजेड छतावर थरथरतो. घरात वाऱ्याची झुळूक नाही, माणसाचा आवाज नाही, आणि छत तेवढं हलतंय. शेवटची चादर सारली की समोर आरामखुर्चीत रूबीताई बसलेल्या दिसतात. डोळ्यांना पोहण्याचा चष्मा, काचा आतून धुरकटलेल्या.

"ये शैला," त्या म्हणतात. "पंखा लावू नकोस."

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा या घरात रूबीताई आणि त्यांची आई अशा दोघी होत्या. त्यांच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, समाजातली पुष्कळ घरं एव्हाना इस्रायलला निघून गेली होती, रूबीताईंचा भाऊसुद्धा गेला होता. या दोघी मात्र राहिल्या. पुढे आई गेली आणि रूबीताई एकट्या उरल्या. आणि त्याच सुमारास त्यांचे डोळे कोरडे पडायला लागले.

कोरडे डोळे म्हणजे ऐकायला किरकोळ दुखणं. मीसुद्धा गुलाबपाणी सुचवून मोकळी झाले होते. पण एकदा सकाळी दूध द्यायला गेले, तर त्या भिंत धरून उभ्या होत्या. "पापणी चिकटलीय," म्हणाल्या. "सोलून काढावी लागते." आणि त्यांनी ती खरोखरच बोटांनी उचलली. डोळा लालभडक. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बुबुळावर रोज नवे ओरखडे पडताहेत, असंच चालू राहिलं तर नजर जाईल. आणि नजर गेली तर भावाकडे जावं लागणार. भावाचा दर शनिवारी संध्याकाळी फोन यायचा, ये म्हणून.

"तो राहतो वाळवंटाच्या तोंडाशी," रूबीताई मला म्हणायच्या. "कोरडे डोळे घेऊन वाळवंटात जाऊ? शिवाय आईची कबर इथे आहे. तिकडे कोणाला भेटू?"

तर पनवेलला राहायचं असेल तर डोळे वाचायला हवेत, आणि डोळे वाचायचे तर कारण सापडायला हवं. कारण शोधणं हा तर रूबीताईंचा धंदाच होता. जन्मभर लेखापरीक्षण खात्यात नोकरी करून त्यांनी दुसऱ्यांच्या हिशेबातली खुसपटं काढली होती. कारणाशिवाय त्यांना काही चालतच नसे. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी त्या "कारण?" म्हणून विचारत. विमानतळाच्या बांधकामाची धूळ, हायवेचा धूर, ही आमची कारणं त्यांनी पहिल्या दिवशीच फेटाळली. "धूळ सगळ्या पनवेलच्या डोळ्यांत जाते. मग आक्षेप माझ्या एकटीवर का?"

त्यांनी पुस्तकं वाचली, डॉक्टरांची भाषणं ऐकली आणि निकाल दिला, की मुळात हार्मोन. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या तेलाने डोळ्यातलं पाणी टिकतं, आणि त्या ग्रंथींवर हुकूम चालतो तो पुरुषी हार्मोनचा. बायकांच्या शरीरातही ते थोडं असतं. वय झालं की घटतं. हे सगळं मला कळलंय ते त्यांच्यामुळेच. त्यांनी ते वॉचमनलाही समजावलं होतं. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी म्हणाले, "आपल्याकडे पाण्याचं प्रेशर कमी आहे." रूबीताई मागून उठल्या आणि म्हणाल्या, "मुळात पुरुषी हार्मोन कमी आहे." सेक्रेटरी जे खाली बसले ते सभा संपेपर्यंत उठले नाहीत.

मग तपासण्यांचा सपाटा सुरू झाला. रूबीताईंच्या लेखी शरीर म्हणजे एक मोठं खातं होतं आणि प्रत्येक ग्रंथी म्हणजे एक कामचुकार कार्यालय. रिपोर्ट आला की मला वर बोलावणं यायचं. "थायरॉइडचा खुलासा आला. समाधानकारक आहे, सोडून दे त्याला. प्रोलॅक्टिन जरा गडबड करत होतं, दुसऱ्या तपासणीत सरळ आलं. मला मुख्यालयाचाच संशय आहे." मुख्यालय म्हणजे मेंदूतली पिट्युटरी. हे सगळं त्या पापणी न लववता सांगायच्या, कारण पापणी लवली की दुखायची. समोरच्याच्या अंगावर मात्र काटा यायचा. आमच्या बिल्डिंगमधली पोरं त्यांच्या मजल्यावरून जाताना जिने पळत उतरायची. लिफ्ट असूनसुद्धा.

कामवाल्या टिकायच्या नाहीत ही दुसरी गोष्ट. चांगली बाई यायची, आठवडाभर काम करायची आणि एके दिवशी झाडू अर्धवट टाकून निघून जायची. पगारही न्यायला यायची नाही. शेवटची सुमन, कोन गावाहून येणारी. ती माझ्याकडेही काम करते, आणि भुताखेतांना भिणारी नाही. तीसुद्धा एका दुपारी धापा टाकत खाली आली.

"वैनी, त्या घरान मी परत नाय जानार."

"का गं? काही बोलल्या का?"

"नाय. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं."

पुढे एक शब्द नाही. रूबीताईंना वाटलं, आपण केरावर आक्षेप काढतो म्हणून बायका जातात. त्यांनी केरावर बोलणं सोडलं. तरी नवी बाई येईना.

मग माझी पाळी आली. भर दुपारी मी त्यांना शिरवाळे, तांदळाच्या शेवया नारळाच्या रसात घालून, द्यायला गेले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. चादरी सारत आत गेले तर रूबीताई खुर्चीत बसलेल्या, चष्मा मांडीवर, आणि माझ्याकडे बघत होत्या. मी डबा ठेवला. सासूबाईंची एक तक्रार सांगायची होती ती सगळी सांगितली. त्यांनी हूं केलं नाही, की मान हलवली नाही. नुसत्या बघत राहिल्या. मी जरा बाजूला सरकले तर त्या अजून मी आधी उभी होते तिथेच बघत होत्या. परातीत थेंब पडला, छत हललं, आणि मी कशी खाली आले ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या. "काल डबा कोण ठेवून गेलं गं? तू का? हाक तरी मारायची."

मी घरी येऊन देवापुढे दिवा लावला. आमचे हे म्हणाले, अवेळी काय? मी म्हटलं, असू द्या.

असं असूनही त्या हार्मोनच्या मोठ्या डॉक्टरांकडे निघाल्या तेव्हा सोबत गेले मीच, कारण दुसरं कोण होतं? ही शेवटची तपासणी होती. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, आता वाट बघू नका. भावाने तिकडे खोलीही रंगवून ठेवली होती. रिक्षात रूबीताई चष्मा लावून ताठ बसल्या होत्या आणि रिक्षावाला आरशात बघून बघून गाडी चालवत होता.

दवाखान्यात एसी होता. रूबीताईंनी एसीवर आक्षेप घेतला, स्वागतिकेने तो फेटाळला. नंबर लांब होता. रूबीताईंनी चष्मा काढून पुसला, मांडीवर ठेवला आणि मला पिट्युटरीचा कारभार समजावू लागल्या. मी ऐकता ऐकता मोबाइल बघत होते. मध्येच त्या बोलायच्या थांबल्या. मी म्हटलं, "मग पुढे?" उत्तर नाही.

समोरच्या बाईच्या कडेवरचं बाळ रडायला लागलं. रूबीताईंकडे बघून रडत होतं. ती बाई उठून लांब जाऊन बसली, तिच्या शेजारचे आजोबाही उठले. तेव्हा मी मान वळवली.

रूबीताई भिंतीला टेकून समोर बघत होत्या. पापण्या अर्ध्यावर येऊन थांबलेल्या. खाली पांढरं, वर बुबुळ, आणि त्या बुबुळात काही नाही. एसीच्या वाऱ्याने कपाळावरची बट डोळ्यावर येत होती, जात होती, पापणी लवत नव्हती. मी त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला. काही नाही. आता भावाला फोन कोणी करायचा आणि काय म्हणून करायचा, हाच विचार डोक्यात आला.

मग रूबीताई घोरल्या.

डॉक्टर एक तरुण मुलगी होती. ती गडबड ऐकून बाहेर आली. "उठवू नका," ती हलकेच म्हणाली आणि खाली गुडघ्यांवर बसून रूबीताईंचे डोळे बघत राहिली. "या रोज अशाच झोपतात?"

"मला काय माहीत? मी शेजारीण."

"घरी कोण असतं?"

"कोणी नसतं."

तिने मला मोबाइलवर शूटिंग करायला सांगितलं. आत गेल्यावर तेच रूबीताईंना दाखवलं. मोबाइलमधल्या रूबीताई उघड्या डोळ्यांनी बघत होत्या, आणि चष्म्यातल्या रूबीताई त्यांच्याकडे. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

"हार्मोनचा भाग आहे," डॉक्टर म्हणाली. "वयाने तेल कमी झालंय, तुमचं अगदीच चुकलेलं नाही. पण सकाळचे ओरखडे यामुळे आहेत. झोपेत तुमच्या पापण्या पुरत्या मिटत नाहीत. पापण्या मुळातच जरा आखूड आहेत. आधी कोणी विचारलं नव्हतं?"

"डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं. मी म्हणाले, मिटतात." रूबीताईंनी मोबाइलकडे पाहिलं. "पुरावा नसताना म्हणाले."

"आश्चर्य म्हणजे हे जन्मापासूनचं दिसतंय. मग आधी त्रास कसा झाला नाही?"

"आई होती तोवर काहीच नव्हतं."

"आई झोपताना काही करायच्या?"

रूबीताईंनी मोबाइल माझ्याकडे दिला. "आम्ही रात्री शेमा म्हणतो," त्या म्हणाल्या. "आमची प्रार्थना. डोळ्यांवर हात ठेवून म्हणतात. ती झाली की आई माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधायची. जुन्या लुगड्याची, ओली करून, घट्ट पिळून. सकाळी मी उठायच्या आत सोडून ठेवायची. मी ऑफिसात मोठी अधिकारी झाले तरी बांधायची. मला वाटायचं, आमच्यात असतंच ते. प्रार्थनेनंतर बांधायचं असतं."

"घरात आणखी कोणाला बांधायच्या?" मी विचारलं.

"नाही. भावाला नाही. स्वतःलासुद्धा नाही." आणि मग, अगदी हळू, "मी तिला कारण कधी विचारलं नाही."

डॉक्टरने रात्री लावायचं मलम लिहून दिलं, पट्टी पुन्हा सुरू करा म्हणाली, आणि नजर वाचेल म्हणाली. परत येताना रिक्षात रूबीताईंनी भावाला फोन लावला. "खोली भाड्याने दे," एवढंच बोलल्या.

गेटवर सुमन भेटली. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. "बाय खुर्चीत निजलेल्या, न डोले उघडे. मेलेला मानूस पन डोले मिटतो, वैनी. आमी सगल्याजनी तेच बघितलं न पलालो."

"मग सांगायचं नाही का कोणाला?"

"असं कोनाला सांगतात काय?"

बरोबर होतं तिचं. असं कोणी सांगत नाही. पोरं पळाली, कामवाल्या पळाल्या, मी पळाले. ज्या कारणासाठी रूबीताई रक्ताच्या बाटल्या भरत होत्या ते सगळ्या बिल्डिंगने डोळ्यांनी पाहिलं होतं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी रात्री मी वर गेले. चादरी काढलेल्या होत्या. रूबीताई पलंगावर बसल्या होत्या, हातात मऊ सुती पट्टी, ओली करून पिळलेली. स्वतः बांधली की नीट बसत नाही म्हणाल्या. मी मलम लावलं आणि पट्टी हातात घेतली.

"सैल बांध. आई सैल बांधायची." मग म्हणाल्या, "शैला, काल ते बाळ मला बघून रडलं म्हणालीस ना?"

"हो."

"मग मी तान्ही असताना आईने पहिल्यांदा पाहिलं असेल तेव्हा? ती घाबरली नसेल का गं?"

खोटं सांगावंसं वाटलं, पण त्यांच्यासमोर खोटं टिकत नाही. "घाबरल्या असतील," मी म्हटलं. "खूप घाबरल्या असतील. आणि मग लुगडं फाडलं असेल."

रूबीताईंनी उजवा हात डोळ्यांवर ठेवून ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हटली, आणि हात काढून डोकं माझ्यापुढे केलं. मी गाठ मारली, सैलच, आणि त्यांना झोप लागेपर्यंत तिथेच बसून राहिले.