दुखण्याचाही भाव करणाऱ्या गोदाक्का

"शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे अजिबात सोसवत नाही. तुमची कंबर किती दुखते?" पहिल्याच दिवशी मी गोदाक्कांना विचारलं.

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "तुमी किती धरता?"

"अहो, दुखतंय तुमचं. मी कसं सांगू?"

"आदी तुमचा आकडा तर निघू द्या."

काहीतरी म्हणायचं म्हणून मी सात म्हटलं. गोदाक्कांनी जोरात मान हलवली. "न्हाई परवडत. नऊ." मग माझ्या चेहऱ्याची दया आल्यासारखं करून म्हणाल्या, "बरं, तुमचं बी नको, माझं बी नको. आठ लिहा."

मी आठ लिहिलं.

गोदाक्का कळमनुरीच्या आठवडी बाजारात हिरव्या मिरच्या विकायच्या. उंच, वाळक्या अंगाच्या आणि आवाज असा की मिरच्या न खाताच ठसका लागावा. घासाघीस त्यांच्या हाडात मुरलेली होती. येस्टीत कंडक्टरशी खिडकीच्या जागेवरून. औंढ्याला गेल्या की थेट नागनाथाशी. "पाच सोमवार जमत न्हाईत देवा, तीन घे. माझ्या कमरेकडं बघ जरा." कुठल्याशा डॉक्टरनं दिलेला कमरेचा पट्टा त्या लुगड्यावरून बांधायच्या आणि त्यात किल्ल्या, चंची, बसची तिकिटं असं सगळं खोचून ठेवायच्या. पट्ट्यानं कंबर किती सावरली कोण जाणे, पण सामानाची सोय झाली होती.

हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता आणि आमचा कळमनुरीचा दवाखानाही नवाच होता. मी परभणीहून फिजिओथेरपिस्ट म्हणून आले होते. तो शब्द कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून लोक मला 'शेकवाल्या बाई' म्हणत. आमच्या डॉक्टरांचं एक ठाम मत होतं. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या माणसाला एकट्यानं तपासून भागत नाही. औषध त्यांनी बघायचं, हालचाल मी बघायची, आणि झोप, काळजी, घरचं वातावरण हे सगळं भालेराव सिस्टरांनी. शिवाय तिघांनी एकत्र बसून पेशंटशी बोलायचं.

दुसऱ्या खेपेला आम्हा तिघांना ओळीनं बसलेलं पाहून गोदाक्का दारातच थबकल्या. "आगं बाई, तिघं तिघं बघायला आले! सोयरीक जमवायची काय?"

"आक्का, जरा चालून दाखवता का?" मी म्हटलं.

"घ्या! आता सैपाक येतो का ते बी इचारा."

डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की मणक्यात मोठा बिघाड नाही, पण पूर्वी कधीतरी इजा झाली असणार. ती भरून आली तरी शरीर अजून दुखण्याची हाक देतंय. गोदाक्कांनी विचार केला. "म्हंजी चोर पळाला, पर कुत्रं अजून भुंकून राहिलं."

डॉक्टर हसले. त्या दिवसापासून आमच्याकडे गोदाक्कांच्या कमरेत एक कुत्रं राहू लागलं. आल्या की आधी त्याची खबर द्यायच्या. "काल लई भुंकलं." "आज नुसतं गुरगुरलं."

व्यायामाचाही भाव झालाच. पाठीवर झोपून कंबर उचलण्याचा व्यायाम मी दिला, तर म्हणाल्या, "हा घेते, पर तो पाय वर करायचा सोडा. म्हातारपणी बरं दिसत न्हाई." मग तो भिंतीला धरून उभ्यानं करायचं ठरलं. पण एकदा सौदा झाला की माघार नाही. भर बाजारात, मिरच्यांच्या ढिगामागं लिंबाच्या खोडाला धरून त्या पाय मागं न्यायच्या. शेजारी कांदे विकणारे रहीमभाई वैतागून म्हणायचे, "आक्का, गिऱ्हाईक मिरची देखे के तुमको देखे?"

"दोन्ही बघू द्या. फुकट हाय."

बाजारातून दवाखान्यात आल्या की ताठ चालायच्या. पण पुढच्या खेपेला घरून आल्या की बघावं तर कंबर पुन्हा लाकूड झालेली. आम्ही तिघं डोकं लावून बसलो. "घरी काय उचलता?" "काई न्हाई." "घरी कोण असतं?" "आमी दोघी." दुसरी कोण, ते मात्र सिस्टरांनी कितीदा विचारलं तरी मिरच्यांचा विषय निघायचा. रात्री दुखणं कमी होऊन गाढ झोप लागेल अशी गोळी डॉक्टरांनी देऊ केली. तिच्यावर गोदाक्कांनी भावच केला नाही. सरळ परत सरकवली. "ही न्हाई पायजे."

त्यानंतर त्या दवाखान्यात आल्याच नाहीत. रहीमभाईंकडून निरोप आला, की आक्का बाजारातही नाहीत. तेव्हा भालेराव सिस्टर आणि मी येस्टीनं निघालो, फाट्यावर उतरलो आणि आत गावात चालत गेलो.

दार उघडंच होतं. गोदाक्का जमिनीवर एका कुशीवर पडल्या होत्या, गुडघे पोटाशी घेतलेले. त्यांच्या शेजारी बाजेवरच्या गोधडीवर एक बाई होती. तिशीची असावी. हातपाय आखडलेले, मान एका बाजूला कललेली. केस मात्र तेल लावून चापूनचोपून विंचरलेले आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. आम्हाला बघून ती आनंदानं ओरडली. शब्द कळले नाहीत.

"ही रुक्मिण," गोदाक्का पडल्या पडल्या म्हणाल्या. "माझी लेक. जन्मापासून अशीच हाय. न्हाऊ घालायला उचलली अन कंबर धरली."

सिस्टर त्यांच्याजवळ बसल्या. "आक्का, आम्हाला सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय व्हतं? पहिल्या डॉक्टरला सांगितलं तर म्हणला, वजन उचलू नका. दुसरा म्हणला, हिला कुठंतरी ठेवून द्या. तुमी बी तेच म्हणला असता." त्यांनी आवाज खाली आणला. "ती गोळी घेऊन मी झोपले, अन हिला राती कूस बदलायची झाली, तर? हिला सोताला वळता येत न्हाई, बाई."

दवाखान्यात परतल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. एक कंबर बघून भागणार नव्हतं. त्या घरात दोन शरीरं होती आणि एकीचं ओझं दुसरीवर होतं. उचलू नका असं आमच्यापैकी कुणीच म्हणालं नाही. कसं उचलायचं, कधी सरकवायचं आणि कुणी हात लावायचा, एवढंच आम्ही ठरवत बसलो.

डॉक्टर एका रविवारी स्वतः गावात गेले आणि रुक्मिणचा ताठरपणा कमी व्हावा म्हणून तिचं औषध सुरू केलं. गावातल्या सुताराकडून आम्ही बाजेच्याच उंचीचं एक बाकडं करून घेतलं, म्हणजे तिला उचलण्याऐवजी चादरीवरून सरकवता येई. ओझं छातीशी धरायचं, गुडघ्यात वाकायचं, हे मी गोदाक्कांना शिकवलं. रुक्मिणच्या उजव्या हातात थोडी ताकद होती. तो हात आईच्या गळ्यात टाकून स्वतःचा भार जरा पेलायला मी तिला शिकवू लागले. कोपर सरळ करताना तिच्या कपाळावर घाम यायचा. दात आवळून ती पुन्हा हात उचलायची. जिद्द कुणाची घेतली होती, ते वेगळं सांगायला नको.

सर्वांत अवघड काम भालेराव सिस्टरांकडे होतं. शेजारच्या शांताबाईंना मदतीला घ्यायचं आणि गोदाक्कांना ती मदत घ्यायला लावायची. "मला कुणाचे उपकार नकोत," गोदाक्का म्हणाल्या. मग शांताबाईच म्हणाल्या, "आवं, उपकार कशाचे? माझ्या शेरडांकडं ध्यान ठेवा, मी रुक्मिणकडं ठेवते." शेरडं किती आणि कितीदा, यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं.

दुखणं गेलं नाही. काही आठवडे बरे जायचे, मधेच एखादा वाईट यायचा. पण गोदाक्का पुन्हा बाजारात बसू लागल्या आणि दर खेपेला दवाखान्यातही येऊ लागल्या.

मग एकदा बाजाराच्या दिवशी मी बाकडं नीट बसतंय का ते बघायला गावात गेले. ऊन उतरलं होतं. रुक्मिण दारात बाकड्यावर टेकून बसली होती आणि शांताबाई तिच्याजवळ शेंगा फोडत होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला रुक्मिण काहीतरी ओरडून सांगत होती आणि लोकही थांबून "व्हय का? बरं बरं," म्हणत होते.

फाट्याकडून गोदाक्का आल्या. त्यांनी रिकामी टोपली खाली ठेवली आणि त्या लेकीच्या शेजारी बसल्या. खूप दमल्या होत्या. मी कोपऱ्यात उभी आहे, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांनी डोकं रुक्मिणच्या खांद्यावर टेकवलं आणि डोळे मिटले.

रुक्मिणची बडबड थांबली. तिचा उजवा हात मांडीवरून हलला, थरथरत मधेच अडकला, पुन्हा हलला. कोपर सरळ व्हायला किती कष्ट पडतात, ते मला ठाऊक होतं. हात आईच्या पाठीमागं गेला आणि कमरेवर टेकला. मग वाकड्या बोटांनी ती हळूहळू चोळू लागली.

हे मी तिला शिकवलं नव्हतं.

गोदाक्कांनी डोळे उघडले नाहीत. "जरा खाली, माय," त्या म्हणाल्या. "हां. तितंच."