टोसाजीराव व खारीबाई यांची चौथाई मोडली ती हकीकत

श्री गजानन प्रसन्न. परगणे मोताळा येथील गाडीनशीन आमलेटबहाद्दर, राजमान्य शालिग्रामराव यांचे घरी दोन परदेशी सरदारांनी दातांचे जोरावर अंमल बसविला, तो कसा बसला आणि कोणे युक्तीने उठला, हे ज्यांनी बोटांवरील पट्ट्या डोळां देखिल्या त्यांचे तोंडून ऐकोन, पदरचे अगदी थोडे घालोन लिहिले असे.

रावांची कन्या योगिनीबाई पुणे प्रांती चाकरीस असत. त्यांस कंपनीचा हुकूम जाहला की तीन महिने हैदराबादेस जावे. मग त्यांनी पाळिलेली फेरेट जातीची दोन पिले, लांबट, केसाळ, मुंगसाची मावसभावंडे शोभावीत ऐसी, पिंजऱ्यात घालोन मोताळ्यास आणिली आणि तीर्थरूपांचे हवाली करोन गेल्या. नर तो टोस आणि मादी ती खारी. गल्लीत मात्र मुंगूस आले ऐसी आवई उठली, आणि शेजारी देवानंदजी आपले विहिरीवरील साप धरण्यास मुंगूस मिळावे म्हणोन अर्ज घेऊन आले. अर्ज नामंजूर जाहला, कारण तोवर टोसाजीरावांनी अर्जदाराचा अंगठा धरिला होता.

राव दिवसभर बस स्टँडावर आमलेटाचे गाडीवर अंडी फोडीत, सबब हातास आमलेटाचा वास. सायंकाळी उंबऱ्यात पाऊल पडे तों दोघे सरदार आडव्या-तिडव्या उड्या मारीत येत आणि बोटास लटकत. बोट सुटावे म्हणोन राव दुसऱ्या हाताने उकडल्या अंड्याचा तुकडा पुढे करीत, आणि मग बोट सुटे. राव मनी म्हणत, तह जाहला. ऐसे तह दिवसास एक होते ते चार जाहले, आणि पुढे तर खारीबाई चावोन होताच स्वतः अंड्यांचे डब्यापाशी जाऊन बसत.

ऐसे असतां एके गुरुवारी रावांच्या पत्नी बाईसाहेब अन्नपूर्णाबाई पोथी वाचीत होत्या, आणि टोसाजीरावांनी त्यांचे पायाची करंगळी काबीज केली. मग घरात मोठी धामधूम जाहली आणि बाईसाहेबांचा हुकूम सुटला की, पुढील आठवडी बाजाराचे दिवशी आम्ही जातीने हात पुढे करू. दात लागला तर दोघांची रवानगी जळगाव जामोदास, भाचे कुलदीपराव यांचे गोदामी, उंदीर मारण्याचे चाकरीवर. हे ऐकोन रावांचे काळीज हलले. योगिनीबाई पुण्यास गेल्यापासोन घरात संध्याकाळी टीव्हीखेरीज कोणी बोलत नव्हते. आपले पायरव ऐकोन कोणी धावत येते, मग चावावयास का येईना, हे सुख त्यांस फार वर्षांनी लाभले होते आणि ते सोडवत नव्हते.

तेव्हां रावांनी मोबाइलावर हैदराबादेस व्हिडिओ दरबार भरविला. दरबार चालू असतां टोसाजीराव चावले, आणि रावांनी रिवाजाप्रमाणे अंडे पुढे केले. ते पाहोन योगिनीबाई बोलिल्या, “बाबा, चावल्यावर अंडं काऊन देता? त्याले वाटते, चावलं का भेटते.” राव थक्क होऊन बसले. जो तह समजत होतो ती चौथाई होती, आणि आपणच ती इमानेइतबारे पोहोचती करीत होतो, हे ध्यानी येऊन फार शरमले. मग कन्येने जाबता दिला की, घरी येताच हात साबणाने धुवावे. चावले तर हात हिसकू नये, अंडे देऊ नये, एकच शब्द करड्या आवाजात बोलोन दोन-तीन मिनिटे कोंबड्या झाकावयाचे डालग्याखाली कैदेत ठेवावे. न चावता बसले तरच अंडे द्यावे.

शब्द ‘नाही’ ठरला. परंतु तीस वर्षे गिऱ्हाइकांशी गोड बोलोन रावांचे जिभेस दरारा उरला नव्हता. ते ‘नाही रे राजा’ म्हणत आणि टोसाजीराव अधिक मायेने चावत. तिसरे दिवशी खारीबाईंनी रावांचे कानाची पाळी धरिली, तेव्हां गाडीखाली शिरणाऱ्या कुत्र्यांस म्हणावयाचा शब्द मुखातून निघाला, “काऊन बे?” बाईमाणसास बे म्हणणे रिवाज सोडोन, परंतु पाळी सुटली, आणि खारीबाई कारण आठवत असल्यासारख्या पाहू लागल्या. मग तोच शब्द कायम जाहला. त्या आठवड्यात टोसाजीराव अकरा वेळां आणि खारीबाई सहा वेळां कोंबड्यांच्या डालग्याखाली कैद भोगोन आल्या.

बाजाराचे दिवशी बाईसाहेब भाजीची पिशवी ठेवोन ओट्यावर बसल्या आणि हात पुढे केला. रावांनी तोंडातून अक्षर काढू नये ऐसी ताकीद होती. टोसाजीराव आले, बोट हुंगिले आणि जबडा उघडला. रावांनी डोळे मिटोन घेतले. तों बाईसाहेब, ठरविलेले नसतां, हळूच बोलिल्या, “काऊन बे?” जबडा मिटला, आणि टोसाजीरावांनी बोट चाटिले. मग ज्यांनी नवऱ्याचा धंदा अंड्यांचा असोन जन्मात अंड्यास हात लाविला नव्हता, त्या बाईसाहेबांनी स्वहस्ते तुकडा दिला, आणि हात धुण्यास उठणार तों खारीबाई पदरात शिरोन निजल्या. बाईसाहेब तैशाच बसोन राहिल्या.

दोन महिन्यांनी योगिनीबाईंचा फोन आला की, मुदत सरली, रविवारी येऊन पिले नेते. पुण्याचे घरमालकिणीस चावरे जनावर चालत नाही, तरी आता चावत नाहीत ना, हे कळवावे. राव मोठ्या उमेदीने फत्तेचे वर्तमान सांगू लागले, तों बाईसाहेबांनी फोन काढोन घेतला. खारीबाई मांडीवर घोरत होत्या. बाईसाहेब बोलिल्या, “हाव बाई, अजून चावते ना. राहू दे अठीच.” रावांनी आपले धडधाकट बोटास एक पट्टी बांधोन घेतली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली आणि चौथाई कायमची बंद पडली, ऐसे दफ्तरी नमूद असे. ही नोंद पुण्यास कळो देऊ नये, ऐसा बाईसाहेबांचा सक्त हुकूम आहे.